एक खूण, तीन अर्थ



गोंदियाच्या राइस मिलवाल्याला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. एका गिरणीतल्या रबर रोलरमधलं अंतर दुसऱ्या गिरणीत जसंच्या तसं लावलं, तर तांदूळ निघतो खरा, पण कणी वाढते. म्हणून गिरणी किंवा धानाचा वाण बदलला की तो आधी रोलर तपासतो, मग भरडाई सुरू करतो. प्रोग्रामर मात्र आपल्या लॅपटॉपवर चाललेली मेकफाइल बिनधास्त दुसऱ्याच्या हवाली करतो.

मेक हे साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल लॅब्जमध्ये लिहिलं. कोणती फाइल कशापासून आणि कशी तयार होते, हे मेकफाइलमध्ये एकदा लिहून ठेवायचं. मूळ फाइल बदलली असेल तरच पुढचं काम करायचं, एवढीच त्यामागची कल्पना. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने पुरवलेला आणि रेड हॅटने खुला केलेला ‘लोहित देवनागरी’ फाँट घ्या. एखाद्या अक्षराचा आराखडा बदलला, तर त्यापासून होणारी फाँटफाइल तेवढी नव्याने बनावी, बाकीच्यांना हात लागू नये. असला हिशेब ठेवणं हेच मेकचं काम.

आज्ञेच्या ओळीआधी टॅबच हवा, स्पेस चालत नाहीत, ही मेकची अट नवशिक्याला पहिल्याच दिवशी छळते. ती बदलायचा विचार करावा, तोवर डझनभर लोक मेक वापरू लागले होते, त्यातले बरेचसे फेल्डमन यांचे मित्रच. त्यांचं काम मोडायला नको म्हणून टॅब राहिला. त्या डझनभरांची भीड जग आजही सांभाळतं आहे.

पुढे मेकची भावंडं वाढली. रिचर्ड स्टॉलमन आणि रोलंड मॅग्रा यांनी जीएनयू मेक लिहिलं. बर्कलीत ॲडम डी बूर यांनी पीमेक केलं, त्यातून बीएसडीचं मेक आलं. सन कंपनीचं आणखी वेगळं. आता := ही एकच खूण पाहा. जीएनयू मेक उजवीकडची किंमत तिथल्या तिथे काढून ठेवतं. बीएसडी मेक तसंच करतं, पण जे चल अजून ठरलेलेच नाहीत ते न उलगडता तसेच ठेवतं. सनच्या मेकमध्ये तर खुणेच्या डावीकडे फाइलचं नाव येतं आणि किंमत ती फाइल आणि ती ज्यांपासून बनते त्या फाइली यांच्यापुरतीच लागू होते. एवढा गोंधळ पाहून पॉझिक्स प्रमाणाच्या कर्त्यांनी := ला हात न लावता ::= अशी नवी खूण घेतली.

भावंडांचं सोडा, एकाच मेकच्या दोन आवृत्त्यांतही हे घडतं. शेलच्या आज्ञेचं उत्तर चलात भरणारी != ही खूण जीएनयू मेकमध्ये २०१३ साली, ४.० आवृत्तीत आली. मॅकसोबत मिळणारं मेक मात्र २००६ सालचं, ३.८१ आवृत्तीचं. त्या मेकला ही खूण कळत नाही आणि ते तक्रारही करत नाही. उद्गारचिन्हाने संपणाऱ्या नावाचा भलताच चल तयार करून ते पुढे जातं. हवा तो चल रिकामाच राहतो, आणि चूक सापडते ती शंभर ओळी खाली.

$< ची गत तीच. ‘या नियमातली पहिली मूळ फाइल’ म्हणून जीएनयूवाले ती सर्रास लिहितात. पॉझिक्स प्रमाणात तिचा अर्थ ठरलेला आहे तो मुख्यतः फाइलनावाच्या प्रत्ययांवरून चालणाऱ्या नियमांपुरता. नाव घेऊन लिहिलेल्या नियमात बीएसडी मेक तिथे काहीच भरत नाही. मग कंपायलर म्हणतो, फाइलच दिली नाही. आणि बिचारा वापरणारा कंपायलरलाच शिव्या घालतो.

उपाय फारसे अवघड नाहीत. पहिल्या ओळीत .POSIX हे लक्ष्य लिहावं. टक्क्याच्या (%) नियमाऐवजी प्रत्ययाचा जुना नियम वापरावा. मूळ फाइलचं नाव आज्ञेत सरळ लिहावं. जीएनयूच्या खास सोयींवाचून चालतच नसेल, तर फाइलचं नावच GNUmakefile ठेवावं. जीएनयू मेक ते नाव आधी शोधतं, इतर मेक त्याकडे वळत नाहीत. २०२४ च्या पॉझिक्स प्रमाणात ?=, += आणि != आल्या आहेत, पण जुनं मेक असलेल्या मशीनला त्याचा पत्ता नसतो.

जेवणानंतरच्या सत्रात दोन लॅपटॉप शेजारी मांडलेले असतील, एकावर जीएनयू मेक आणि दुसऱ्यावर बीएसडीचं. ज्याने त्याने आपली मेकफाइल दोन्हींवर चालवून पाहावी. जिथे गाडी अडेल ती ओळ फळ्यावर लिहावी, म्हणजे चर्चा तिथूनच सुरू करता येईल.