विंचूदंशाच्या नोंदी आणि रुग्णवृत्तान्ताचे लेखन



कोकणात विंचू चावणे ही पूर्वी नवलाची बाब नव्हती आणि मांत्रिकास बोलावणे हाही नित्याचाच उपचार होता. परंतु लाल विंचवाचा दंश पुष्कळदा जीवावर बेते. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. आजचा रायगड जिल्हा तेव्हा कुलाबा या नावाने ओळखला जाई. साधनांची तेथे वाणच होती; कागद आणि लेखणी मात्र होती.

दंश किती वाजता झाला, वांती केव्हा झाली, घाम केव्हा फुटला, हातपाय केव्हा गार पडले, रक्तदाब किती होता, याच्या नोंदी त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून केल्या. हृदयावर ताण पडून फुप्फुसांत पाणी साठते व त्याने रुग्ण दगावतो, हा क्रम या नोंदींतून उलगडत गेला. १९८२ साली पूर्वलक्षणांविषयीचा त्यांचा लेख ‘द लॅन्सेट’ या इंग्लंडमधील नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे रक्तदाबावरील प्राझोसीन हे औषध या दंशावर गुणकारी असल्याचे डॉ. हिंमतराव व डॉ. प्रमोदिनी बावस्कर या दांपत्याने १९८६ मध्ये त्याच नियतकालिकातून मांडले. डॉ. बावस्करांना २०२२ साली पद्मश्री देण्यात आली.

लाल विंचू महाडपुरता थोडाच आहे! तो कर्नाटकातही आढळतो. धारवाडनजीकच्या केलगेरीत कोणास दंश झाला, तर तेथील डॉक्टरास महाडचा अनुभव उपयोगी पडतो, तो छापला गेला म्हणूनच.

रुग्णवृत्तान्त लिहिण्यास भाषेचे अलंकार लागत नाहीत. तक्रार, तपासणी, उपचार आणि परिणाम काळाच्या क्रमाने, वेळेसह लिहावेत. जे पाहिले ते आणि जे अनुमान केले ते वेगळे ठेवावे. रुग्णाची संमती घ्यावी, नाव व ओळख गुप्त राखावी. उपचार फसला असेल तर तेही लिहावे. किंबहुना असे वृत्तान्त अधिक मोलाचे, कारण ते लपविण्याकडेच माणसाचा कल असतो. एका रुग्णावरून सर्वांसाठी नियम मात्र करू नये. त्यासाठी पद्धतशीर चाचणी लागते. प्रतिविष व प्राझोसीन एकत्र दिल्यास रुग्ण लवकर सुधारतो, हे २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशाच चाचणीतून पुढे आले.

ग्रामस्थांचाही यात वाटा आहे. दंशाची वेळ ध्यानात ठेवावी, मनाने कोणतेही औषध न देता रुग्णास विनाविलंब आरोग्य केंद्रात न्यावे. डॉक्टरांच्या नोंदीची पहिली ओळ तीच असते.