रांगेचे गणित
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



दिल्ली-गुडगाव द्रुतगती मार्ग जानेवारी २००८ मध्ये खुला झाला, तेव्हा सिरहौलच्या सीमेवरील टोलनाक्याला तब्बल ३२ मार्गिका होत्या. कागदावर ही संख्या भरघोस दिसते. तरीही सकाळ-संध्याकाळ तेथे वाहने खोळंबून राहत. प्रकरण पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये नाका उठला. इतक्या खिडक्या असूनही रांग का लागावी, याचे उत्तर साध्या भागाकाराने मिळत नाही.

या प्रश्नाचे शास्त्र टेलिफोनच्या तारांतून जन्मले. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील गणिती आग्नर एर्लांग यांनी १९०९ मध्ये त्यावरचा पहिला निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्यापुढचा पेच व्यवहारी होता: फोन करणारे ठरल्या वेळी येत नाहीत आणि किती वेळ बोलतील हेही ठाऊक नसते; मग तारा किती ठेवाव्यात? रांगेचे मर्म या अनियमितपणातच आहे.

एक खिडकी कल्पावी. तेथे एका माणसाचे काम सरासरी एका मिनिटात होते. म्हणजे तासाला ६० जणांची सोय आहे. माणसे मनास येईल तेव्हा येतात आणि कोणाचे काम चटकन होते, तर कोणाचे रेंगाळते. तासाला ३० जण आले, तर प्रत्येकाला सरासरी एक मिनिट थांबावे लागते. ४८ आले, तर ४ मिनिटे. ५४ आले, तर ९. ५७ आले, तर १९. आणि ५९ आले, तर तब्बल ५९ मिनिटे! क्षमता अजून पुरती संपलेलीही नसते. क्षणभर रिकामी राहिलेली खिडकी तो क्षण साठवून ठेवू शकत नाही. उलट साचलेली गर्दी मात्र पुढच्या तासाच्या माथी बसते. म्हणून मोकळा बसलेला कारकून पाहून कपाळाला आठ्या घालणाऱ्या साहेबांनी हे आकडे एकदा तरी पाहावेत. त्याची ती फुरसत हीच रांगेतल्या माणसाची सवलत असते.

आता त्याच खिडकीवर प्रत्येकाला बरोबर एकच मिनिट लागू लागले, असे मानावे. सरासरी तीच, पण तासाला ५४ माणसे येत असता प्रतीक्षा ९ मिनिटांवरून साडेचार मिनिटांवर येते. सुट्या पैशांची घासाघीस करणारे एक वाहन मागच्या साऱ्यांचा वेळ खाते, ते यामुळेच. १६ फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला. त्याने प्रत्येक वाहनाचा वेळ घटला, तसा त्यातला चढउतारही. त्याच वर्षी राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने सूचना काढली, की नाक्यापासून १०० मीटरवर पिवळी रेघ असावी आणि रांग तिच्यापलीकडे गेल्यास वाहने टोल न घेता सोडावीत.

पंढरपूरच्या दर्शनबारीत हेच तत्त्व जुन्या अनुभवातून आलेले दिसते. पायांवर डोके ठेवू इच्छिणाऱ्यांची रांग वेगळी आणि दुरून मुखदर्शन घेणाऱ्यांची वेगळी. दोहोंना लागणारा वेळ भिन्न आहे. एकाच बारीत त्यांना मिसळले असते, तर घाईच्या भाविकालाही तासन् तास तिष्ठावे लागले असते.

जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक नियम तर कोणालाही वापरता येईल. रांगेतील माणसांची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा वेळ. रुग्णालयाच्या दालनात ९० माणसे बसली असतील आणि मिनिटाला दोन आत घेतली जात असतील, तर नव्याने आलेल्याने पाऊण तासाची तयारी ठेवावी.

सिरहौलचा नाका गेल्यावरही त्या सीमेवरची कोंडी सरली नाही. एक अडसर दूर झाला, की वाहनांचा लोंढा पुढच्या अरुंद जागी जाऊन थबकतो. आणि दिल्लीत शिरणाऱ्या व्यापारी वाहनांकडून महापालिकेचा पथकर तेथे घेतला जातच राहिला.