साडीखाली झाकलेले कॉम्प्युटर

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. शेतीच्या कामांमुळे ज्या ताईंना सभेला येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



अहवाल वाचून झाला, हिशेब मंजूर झाला, आणि स्वयंपाकाचा वास यायला लागलाय. अशा वेळी मला बोलायला उभं केलंय, त्यामुळे मी लांबवणार नाही. विषय ऐकून पुढच्या रांगेतल्या काही ताया हसल्या. "शाळेतल्या कॉम्प्युटरचं आम्हाला काय कळतंय गं?" असं एकीने मला हळूच विचारलंसुद्धा. ताई, मीही इंजिनिअर नाही. मी समाजकार्य शिकलेली मुलगी. पण हा विषय कॉम्प्युटरइतकाच तुमच्या पैशांचा आहे, म्हणून आजच्या सभेत घेतलाय.

मागच्या जूनमध्ये मी आपल्याच भागातल्या एका गावात गेले होते. गावाचं नाव सांगत नाही. पाऊस असल्यामुळे गटाची बैठक शाळेच्या खोलीत भरली. कोपऱ्यात एका लांब टेबलावर जुनी नऊवारी साडी अंथरली होती आणि तिच्याखाली काहीतरी उंच-उंच दिसत होतं. मला वाटलं गणपतीचं सामान असेल. साडी उचलली तर खाली पाच कॉम्प्युटर. शाळा डिजिटल करायची म्हणून गावाने लोकवर्गणी काढली होती, तेव्हाचे. त्यात ग्रामसंघाचे पंधरा हजार होते. दोन वर्षं मुलं त्यावर बसली. मग पडद्यावर इंग्रजीत पाटी यायला लागली, परवाना संपला म्हणून. त्यानंतर मशीन इतकं हळू चालायचं की तास संपला तरी चित्र उघडायचं नाही. तालुक्याच्या दुकानदाराने दोन वाटा सांगितल्या: पैसे भरून नवा परवाना घ्या, नाहीतर "क्रॅक टाकून देतो, कुणाला कळत नाही." पहिल्या वाटेला शाळेकडे पैसे नव्हते. दुसरी म्हणजे चोरीचा माल, ती गुरुजींना पटली नाही. मला गुरुजींचं बरोबरच वाटतं. मुलांना मूल्यशिक्षण शिकवायचं आणि त्याच खोलीत चोरीची कॉपी चालवायची, हे कसं जमायचं?

तिथल्या एक मावशी म्हणाल्या, "साडी माझीच हाय. अन् खाली झाकलेले पैसे बी आमचेच हायेत."

ते वाक्य डोक्यातून जाईना. घरी जाऊन मी वाचायला लागले, माहीतगारांना विचारायला लागले. जे समजलं ते तुम्हाला सांगते.

कॉम्प्युटर म्हणजे नुसतं यंत्र. त्याने काय करायचं, हे सांगणाऱ्या लिहिलेल्या सूचना असतात, त्याला सॉफ्टवेअर म्हणतात. हे सॉफ्टवेअर दोन जातीचं असतं. त्यासाठी आपण शेतात जाऊ. संकरित बियाणं तुम्ही दुकानातून आणता. पीक चांगलं येतं, मी नाव ठेवत नाही. पण त्यातलं ठेवून पुढच्या वर्षी पेरलं तर तसं येत नाही, दर हंगामाला पिशवी विकत घ्यावी लागते. गावरान बियाणं तुम्ही ठेवता, निवडता, जावेला देता, लेकीच्या सासरी पाठवता. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे आपल्याला माहीत आहेत. घरचं बियाणं जपून आणि वाटून त्या बीजमाता झाल्या, २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

सॉफ्टवेअरमध्येही असं गावरान बियाणं आहे. त्याला मुक्त सॉफ्टवेअर म्हणतात. ते कितीही मशीनवर टाका, त्याच्या सूचना उघडून बघा, आपल्या भाषेला सोयीचं करून घ्या, शेजारच्या शाळेला द्या, सगळ्याला परवानगी आहे. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये हे काम जाहीर केलं. पुढे १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या कॉलेजातल्या मुलाने लिनक्स लिहायला घेतलं. तेव्हापासून जगभरचे लोक त्यात भर घालतात. बियाण्याची तुलना एका ठिकाणी लंगडी पडते. तुम्ही शेरभर बी दिलं तर तुमच्याकडे शेरभर कमी होतं. सॉफ्टवेअर वाटलं तरी आपल्याकडे तेवढंच राहतं.

आता "हे शाळेत कुठे चाललंय का?" असं तुम्ही विचाराल. चाललंय, आणि एका अख्ख्या राज्यात. केरळ. कुडुंबश्रीमुळे केरळचं नाव आपल्या प्रत्येक प्रशिक्षणात निघतं. १९९८ मध्ये कुडुंबश्री सुरू झाली, आणि २००१ मध्ये तिथल्या सरकारने शाळांसाठी आयटी ॲट स्कूल हा प्रकल्प काढला. सुरुवातीला तिथेही मुलांना विकतचंच सॉफ्टवेअर शिकवायचं ठरलं होतं. एका मोठ्या शिक्षक संघटनेने हरकत घेतली: सरकारी शाळेतल्या पोरांना एकाच कंपनीच्या मालाची सवय आपण का लावायची? मला हे फार आवडलं. हरकत घेणारे खडू-फळ्याचे शिक्षक होते. मग टप्प्याटप्प्याने शाळा लिनक्सवर आल्या, आणि दहावीची संगणकाची प्रात्यक्षिक परीक्षासुद्धा त्यावरच व्हायला लागली.

पुढे २०१७ मध्ये त्या प्रकल्पाची काइट नावाची सरकारी कंपनी झाली. २०१९ मध्ये शाळांसाठी लिनक्सची नवी आवृत्ती काढली, तेव्हा दोन लाखांहून जास्त शालेय कॉम्प्युटरवर ती चालणार होती, आणि परवान्यांचे सुमारे ३००० कोटी रुपये वाचतील असा त्यांचा स्वतःचा अंदाज होता. हा आकडा मोठा आहे आणि तो त्यांनीच काढलेला आहे, म्हणून मी जपून सांगतेय. पण निम्मा धरला तरी किती होतात, आपल्या कोषाध्यक्ष ताईंना विचारा.

पैशापेक्षा मला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. केरळने नुसतं फुकटचं सॉफ्टवेअर शाळेत आणून ठेवलं नाही. आधी शिक्षकांना शिकवलं, त्यांच्यातूनच प्रशिक्षक तयार केले. पुस्तकं मल्याळममध्ये केली. मल्याळम अक्षरं कॉम्प्युटरवर नीट दिसावीत म्हणून तिथले स्वयंसेवक २००२ पासून राबले. २०१८ मध्ये लिटल काइट्स नावाने मुलांचे क्लब काढले, त्यातली मुलंच शाळेतली यंत्रं हाताळायला शिकली. आणि २०२२ मध्ये आयांसाठी मोहीम काढली, मोबाईलवरची फसवणूक कशी ओळखायची, ओटीपी का द्यायचा नाही, हे शिकवायला. पहिल्या टप्प्यातच तीन लाख आयांपर्यंत जायचं ठरवलं होतं. म्हणजे शाळेतली खोली आयांनाही उघडी झाली. आपल्याकडे त्या खोलीला सुट्टीत कुलूप असतं.

आपल्या महाराष्ट्रातही हे नवं नाही. रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यात खैराटचा धनगरवाडा आहे, एका शिक्षकाची छोटी शाळा. २००७ मध्ये तिथल्या मुलांना ते हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप मिळाले होते, प्रत्येक मुलाला एक. त्यात मुक्त सॉफ्टवेअरच होतं. त्या वेळी शहरातल्या कित्येक शाळांत दहा पोरांत एक कॉम्प्युटर होता.

आता साडीकडे परत येऊ.

त्या ग्रामसंघाच्या सचिव ताईंचा भाचा बीसीए करतो. दिवाळीच्या सुट्टीत तो आला, पेनड्राईव्हवर लिनक्स घेऊन. परवान्याचा खर्च शून्य. पाचातले तीन कॉम्प्युटर त्याच दिवशी चालू झाले. चौथ्याला रॅम नावाचा भाग बदलावा लागला, तो ग्रामसंघाने आणून दिला. पाचवा मेलेलाच होता, त्याचे भाग काढून ठेवले. चित्रं काढायला टक्स पेंट टाकलं, लहान मुलांच्या खेळांतून गणित आणि अक्षरं शिकवणारं जीकॉम्प्री टाकलं, आणि पत्रं, तक्ते करायला लिबरऑफिस. लिबरऑफिसमध्ये सूचना मराठीतही दिसतात. हे बघून गुरुजी म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलं कुणी?" मुलांना काय बदललं ते समजलंही नाही. त्यांनी टक्स पेंटमध्ये म्हशी काढल्या. एकीने निळी म्हैस काढली आणि ती तशीच राहू द्या म्हणून भांडली.

पण सगळं गोड गोड सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. महिनाभर प्रिंटर चालला नाही. त्या मॉडेलला लिनक्सवर लागणारी जुळणी सापडत नव्हती, भाच्याने फोनवरून सांगत-सांगत कशीबशी केली. त्याहून मोठा घोळ जुन्या फायलींचा झाला. दाखल्यांचे नमुने, सभेची इतिवृत्तं, सगळं जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये टाईप केलेलं होतं. उघडल्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी. खरं म्हणजे तो फॉन्ट नसलेल्या कुठल्याही कॉम्प्युटरवर हेच झालं असतं, पण दोष नव्या पाहुण्यावर आला! शेवटी त्या फायली युनिकोडमध्ये बदलून घेतल्या. आता त्या मोबाईलवरही वाचता येतात. त्यात गुरुजींचे दोन रविवार गेले, हे मात्र मान्य करायला हवं. शाळेची ऑनलाईन माहिती भरण्याचं काम इंटरनेटच्या पानावर होतं, त्याला काही अडचण आली नाही.

आणि एका ताईने मला अगदी बरोबर प्रश्न विचारला. "माझ्या पोरीला पुढं एमएससीआयटी करायचंय. तिथं वेगळं असलं तर ती मागं नाही का पडणार?" ताई, काळजी खरी आहे. नोकरीच्या जाहिरातीत ते प्रमाणपत्र मागतात, आणि तिथे विंडोजवर शिकवतात. माझं उत्तर असं, की तुमची पोर आज चौथीत आहे. ती क्लासला जाईपर्यंत आजचे पडदे, आजची बटणं बदललेली असतील. मराठी टायपिंग, बेरजेचा तक्ता, फाईल कुठे ठेवायची आणि कशी शोधायची, हे ज्याला एका ठिकाणी येतं त्याला दुसरीकडे जुळवून घ्यायला आठवडा पुरतो. एका गावची चूल पेटवता येते तिला दुसऱ्या गावची पेटवता येतेच ना? दहावीनंतर दोन्ही शिकवा. पण चौथीच्या पोरीसाठी साडीखालच्या कॉम्प्युटरपेक्षा चालू कॉम्प्युटर बरा.

हे आजच का काढलं, तेही सांगते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० च्या नेहमीच्या मोफत सुरक्षा सुधारणा थांबल्या. त्याच्या पुढची आवृत्ती बऱ्याच जुन्या मशीनवर चढत नाही. म्हणजे आपल्या गावांत आता दुकानदार येतील आणि सांगतील, सगळे कॉम्प्युटर टाकून नवीन घ्या. शाळा पुन्हा लोकवर्गणी मागेल. पुन्हा ग्रामसंघाकडे चिठ्ठी येईल. शाळेला पैसे देऊ नका असं मी म्हणत नाही, द्याच. फक्त चिठ्ठीवर सही करायच्या आधी विचारा: जुन्या मशीनवर लिनक्स टाकून बघितलं का? परवाना किती वर्षांचा आहे, आणि नंतर कोण भरणार? बिघडलं तर गावातलं कोण बघणार? माझं तर स्पष्ट मत आहे, परवान्यावर जाणारे पैसे वाचवून ते एखाद्या शिकलेल्या मुलीला द्या, जी आठवड्यातून दोन दिवस शाळेत येऊन यंत्रं बघेल आणि मुलांना बसवेल. फुकट सॉफ्टवेअरलाही माणूस लागतो. माणूस नसेल तर तेही साडीखाली जाईल.

हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे का? पूर्ण आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक असायला हवेत, आणि समितीत निम्म्या महिला. आपल्यातल्या कितीतरी जणी त्या समितीवर आहेत. बैठकीत चहा होतो, सही होते, आणि आपण घरी येतो. पुढच्या बैठकीत कॉम्प्युटरचा विषय लेखी लावायला सांगा. मुख्याध्यापक नाही म्हणणार नाहीत. उलट बऱ्याच गुरुजींना सोबत कुणीतरी हवं असतं.

शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल नावाचे व्हिडिओ आहेत, मराठीतूनही, फुकट. लिबरऑफिसचे त्यात आहेत. मी स्वतः आमच्या कार्यालयाचा मासिक तक्ता त्यावरूनच शिकले. पहिल्या दिवशी सगळ्या गटांची बचत एकाच रकान्यात घालून ठेवली होती, लेखापाल काकांनी अजून ते विसरलेलं नाही.

जेवण वाढलंय असं खूण करून सांगतायत. ज्या गावांच्या शाळेत कॉम्प्युटर बंद पडून आहेत, त्यांनी जेवणानंतर माझ्याकडे गावाचं नाव, कॉम्प्युटर किती आणि कधीपासून बंद, एवढं लिहून द्या. तो बीसीएवाला भाचा उन्हाळ्याच्या सुट्टीत परत येतोय, आणि त्याच्याबरोबर दोन मित्र यायला तयार आहेत. त्यांच्या येण्या-जाण्याचा आणि जेवणाचा खर्च प्रभागसंघाने करावा असा ठराव मी मांडतेय. आणि ज्या गावात ते जातील, तिथल्या गटातल्या किमान दोन जणींनी दिवसभर त्यांच्या शेजारी बसून ते काय करतात ते बघायचं, ही माझी अट आहे. त्या दोन जणींची नावंही चिठ्ठीवर लिहा.