हौस कोणाची?

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेस, पैनगंगेच्या बाजूला केळापूर व झरी-जामणीच्या मुलुखांत, दिवाळीच्या सुमारास गोंड-कोलामांच्या वस्त्यांतून दंडार निघते. कापसाची वेचणी तेव्हां नुकतीच लागलेली असते. दिवसभर शेतांत वाकलेले पुरुष रात्रीं ढोलाच्या तालावर फेर धरतात. एका गांवची मंडळी दुसऱ्या गांवीं पाहुणी म्हणून जाते आणि यजमान गांव तिला जेवूं घालतो. नदीपलीकडील आदिलाबादच्या राजगोंडांच्या दंडारीचें वर्णन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ ह्या मानववंशशास्त्रज्ञानें १९४८ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत केलें आहे.

यवतमाळ शहरांत कचेरी सुटल्यावर नाटकाच्या तालमीला धांवणाऱ्या कारकुनाला लोक कौतुकानें 'हौशी नट' म्हणतात. महाराष्ट्र शासनाच्या नाट्यस्पर्धेंतहि 'हौशी' असा स्वतंत्र विभाग आहे. दंडारींत नाचणाऱ्या शेतमजुराला मात्र हौशी कोणी म्हणत नाहीं. त्याची ती 'रूढि', फार तर 'लोककला'!

ह्या भेदांत समाजशास्त्रहि बराच काळ अडकलें होतें. व्हेब्लेननें १८९९ सालीं फुरसतीकडे प्रतिष्ठेचें प्रदर्शन म्हणून पाहिलें. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ प्येर बूर्द्यू ह्यानें १९७९ सालीं असें दाखविलें कीं, कोणास कोणतें संगीत वा चित्र रुचतें हें बव्हंशीं त्याच्या वर्गावर व शिक्षणावर अवलंबून असतें. ही दृष्टि भेदक खरी. गाण्याच्या बैठकींत कांहीं माना शेजाऱ्याकडे पाहूनच डोलतात, हें कोण नाकारील? परंतु कष्टकऱ्यांच्या आवडीला बूर्द्यूनें 'गरजेची रुचि' ठरविलें, आणि दंडारीचें कोडें तेथें सुटत नाहीं. उद्यां पहांटे पुन्हां वेचणीला जावयाचें असतां रात्र जागविण्याची गरज ती कोणती?

ह्याचें उत्तर दुसऱ्या बाजूनें शोधणारेहि निघाले. कॅनडांतील रॉबर्ट स्टेबिन्स ह्यानें १९८२ सालीं 'गंभीर विरंगुळा' ही कल्पना मांडली. चिकाटीनें कौशल्य मिळविणारा, त्यासाठीं अडचणी सोसणारा हौशी मनुष्य तिच्या केंद्रस्थानीं आहे. फ्रान्समधील आंत्वान एन्यों आणखी पुढें गेला. त्याच्या मतें आवड ही मनुष्याच्या अंगीं आयती असलेली वस्तु नव्हे. ती घडवावी लागते. वाद्य, सोबती, स्वतःचें शरीर ह्या सर्वांच्या संगतींत ती हळूहळू घडते. ढोल शेकून कानानें त्याचा आवाज पारखणें, जाणत्यांच्या पायांकडे पाहून पाऊल उचलणें, हीं ती घडण्याचींच कामें होत.

शब्दांचा इतिहासहि गमतीचा आहे. 'हौस' हा अरबी 'हवस'चा वंशज. इंग्रजी 'अमॅच्युअर' हा 'प्रेम करणारा' ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला. दोन्हीं शब्दांच्या मुळाशीं ओढ आहे. 'कच्चा, अर्धवट' हा अर्थ धंदेवाईकांशीं तुलना होऊं लागल्यावर चिकटला.

दंडारींत देवकार्य आहे, गांवाचा मान आहे, वडिलांचा धाकहि आहे, हें निर्विवाद. रूढि माणसाला फेरांत उभें करते. पण ताल चुकला म्हणून अंगणांत एकट्यानें तेंच पाऊल दहा वेळां घोटावयास ती लावीत नाहीं.