आखाडातला फरा



आखाड सरत आला. मुरबाड-शहापुराकडे आवणी उरकत आलेली असते, कल्याण-डोंबिवलीला नोकरीला असलेली पोरं रविवारी घर गाठतात आणि श्रावण लागण्याआधी एकदा तरी मटण व्हायलाच हवं. बऱ्याच घरांत अमावस्येला दिव्यांची पूजा असते, म्हणून बेत आदल्या रविवारीच उरकतात. नेमका तेव्हाच मटणाचा भाव चढतो. मुरबाडकडच्या धसईच्या बाजारात पैसे कसे द्यायचे याची अडचण उरली नाही. 2016 च्या डिसेंबरात रोकडरहित गाव म्हणून धसईचं नाव गाजलं होतं. किती द्यायचे, हा घोर मात्र आहेच.

म्हणून सांगते, कोवळ्या बोकडाच्या मागे लागू नका. थोराड शेळीचा फरा घ्या, अख्खा, हाडासकट. शेळीचं मटण बोकडापेक्षा स्वस्त पडतं, कारण ते चिवट म्हणून लोक नाक मुरडतात. साहेबाच्या देशात रविवारच्या जेवणात बीफ रोस्टचा मान असतो. आपल्या राज्यात 2015 पासून गाईबरोबर बैल आणि वळूही कत्तलबंदीत आले, तेव्हा तो पदार्थ इथे नको. त्यातली रीत मात्र उचलावी. मान, खांदा असं राबलेल्या अंगाचं स्वस्त मांस तिकडे झाकणबंद भांड्यात तासन् तास शिजवतात आणि पाहुण्यांना वाढतात.

दीड किलोच्या फऱ्याला आदल्या रात्री मीठ, हळद आणि आलं-लसूण-मिरचीचं वाटण चोळून ठेवा. मीठ रात्रभरात आत उतरतं. कच्ची पपई लावायचीच तर चमचाभर, तीही शिजवायच्या आधी तासभर. जास्त झाली तर वरचा थर पिठूळ होतो आणि आतला गाभा होता तसाच राहतो.

दुसऱ्या दिवशी जाड बुडाच्या टोपात तेल चांगलं तापवा आणि फरा सगळ्या बाजूंनी तांबूस होईपर्यंत परता. पाणी अजून घालायचं नाही. चव इथेच तयार होते, घाई केलीत तर पुढे कितीही मसाला ओता, उपयोग नाही. मग भरपूर कांदा, घरचा मसाला, वाटीभर पाणी. झाकणाची कड कणकेने लिंपा, वर निखारे ठेवा, खालचा जाळ ओढून घ्या. पावसात लाकडं ओली असतात, धुराने डोळे जातात. माळ्यावरच्या सुक्या शेणी याच दिवसासाठी राखा.

आता खरी परीक्षा. तासाभराने झाकण उघडाल तर मटण कच्च्याहून चिवट लागेल. बायका इथेच घाबरतात आणि जाळ वाढवतात. मांसाचे धागे आवळून पाणी सोडतात ते लवकर, पण त्यांना बांधणारे पांढरे पडदे विरघळायला सत्तर-ऐंशी अंशांच्या उष्णतेत बराच वेळ जावा लागतो. ते विरघळले की रस्सा दाट होतो, बोटांना चिकटतो. एकूण अडीच-तीन तास धरा. हाड धरून हलवलं आणि ते सैल लागलं की झालं. ज्यांच्याकडे चूल नाही त्यांनी कुकरात करावं, भागतं. पण निखाऱ्याचा वास शिट्टीला यायचा नाही.

टोप उतरवल्यावर अर्धा तास हात लावू नका. लगेच कापलं तर रस ताटात वाहून जातो. मग आडव्या फाका करा, धाग्याच्या विरुद्ध, वर रस्सा आणि शेजारी तांदळाची भाकरी. दीड किलोत सहा जण पोटभर जेवतात, कारण एवढ्या दाट रश्श्यावर भाकऱ्याच जास्त उठतात.

मोजूनच करा. अमावस्येलाच बेत केलात आणि रात्री उरलं तर सकाळी श्रावण लागलेला असतो, घरातलं कुणी हात लावणार नाही. अशा वेळी श्रावण न पाळणाऱ्या शेजाऱ्याकडे डबा पाठवा. तो त्याची वाटच बघत असतो.