अंधेरीची मेट्रो आणि आपला पाझर तलाव
(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कपाशीच्या भावाचे बोलायचे सोडून आज आम्ही मुंबईच्या मेट्रोवर बोलणार म्हटल्यावर मागच्या रांगेत हसू फुटले. हसणे चुकीचे नाही. अंधेरीत गाडी धावली काय नि न धावली काय, इथल्या कोरडवाहू रानाला त्याचे काय? पण फरक पडतो. सरकारी तिजोरी एकच आहे, आणि तिथल्या गाडीला लोंबकळणारी पोरे आपलीही आहेत.

मुंबईच्या रेल्वेचे आणि आपल्या कापसाचे नाते जुने आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी गेली. पुढे घाट चढून रूळ वऱ्हाडात आले, ते काही आपल्या आजोबा-पणजोबांना पंढरपूरला न्यायला नव्हे. गाठी बंदरावर न्यायच्या होत्या. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस अडला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ साली रूळ नागपूरला पोचले, १८७० साली जलंबहून खामगावला फाटा आला. त्या तेजीचा पैसा कुठे गेला? मुंबईत समुद्रात भराव टाकून जमीन तयार करणाऱ्या कंपन्यांच्या शेअरांत. १८६५ साली तो फुगा फुटला. कापूस आपला, रेल्वे कंपनीची, आणि भाव वाढला मुंबईच्या जमिनीचा. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता उपनगरांकडे येऊ. एका बाजूला अंधेरी, बोरिवली. दुसऱ्या बाजूला घाटकोपर, मुलुंड. रेल्वे दोन्हीकडे आहे, पण ती उत्तर-दक्षिण धावते. आडवे जायचे तर बस, रिक्षा आणि तासभर धूर. अंधेरीहून कुर्ल्यामार्गे ट्रॉम्बेपर्यंत आडवी रेल्वे १९२८ साली सुरू झाली होती. १९३४ साली ती बंद पडली. तेव्हा मधला बराच मुलूख मोकळा होता. तो मार्ग जपून ठेवला असता तर शहर त्याच्या कडेने वाढले असते. तसे झाले नाही. वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर ही ११.४ किलोमीटरची मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली, म्हणजे ऐंशी वर्षांनी, आणि तीही उभ्या शहरात खांब रोवून. पेरणीआधी चर काढायचा राहिला की उभे पीक मोडून काढावा लागतो, तशातली गत.

त्यानंतर दहिसर ते अंधेरी दोन मार्ग २०२२ आणि २०२३ साली टप्प्याटप्प्याने सुरू झाले. आरे ते कफ परेड हा साडेतेहतीस किलोमीटरचा भुयारी मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये पुरा झाला. घाटकोपर-मुलुंडवरून ठाण्याकडे जाणाऱ्या मार्गाचे काम हाती आहे.

याला आपला विरोध आहे काय? मुळीच नाही. कोरोनाच्या आधी मुंबईची लोकल रोज ७५ लाखांच्या आसपास माणसे वाहत होती. २०२३ या एका वर्षात त्या रुळांवर अडीच हजारांवर माणसे मेली. कोणी रूळ ओलांडताना, कोणी दारातून पडून. त्या दारात लोंबकळणारा कोण असतो? नापिकीने गाव सोडलेला, अंधेरीच्या कंपनीत पहाऱ्याला उभा राहणारा, भाडे परवडत नाही म्हणून नालासोपाऱ्याला झोपायला जाणारा आपलाच पोरगा. त्याच्या मनीऑर्डरीवर कित्येकांचे बियाणे येत होते, आज फोनवरून पैसे येतात, एवढाच बदल. शहराला चांगली रेल्वे हवी, भरपूर हवी.

प्रश्न एवढाच की पैसा कोणी द्यायचा. आरे–कफ परेड मार्गाचा खर्च आधी २३,१३६ कोटी रुपये धरला होता, तो ३७,२७६ कोटींवर गेला. एका किलोमीटरला हजार कोटींच्या वर. निम्म्याहून अधिक रक्कम जपानचे कर्ज आहे. ते फेडायचे सरकारने, म्हणजे अखेर आपण सगळ्यांनी. काडेपेटी घेणारा शेतमजूरही त्यात आला.

आम्ही शेतीशास्त्र शिकलो, तेव्हा शेतातलेच उदाहरण देतो. गावात पाझर तलाव होतो. ज्याची जमीन बुडाली त्याला एकदा मोबदला मिळतो, तोही कचेरीचे उंबरठे झिजवून. पाणी लागते खालच्याच्या विहिरीला. त्याची जिरायत बागायत होते, जमिनीचा भाव चौपट होतो, आणि तलावासाठी त्याने दमडी दिलेली नसते. रेल्वे स्टेशन हा तसाच पाझर तलाव आहे. स्टेशन झाले की आसपासच्या जमिनीला भावाचा पाझर फुटतो. खर्च सगळ्यांचा, पाझर मोजक्यांचा.

मग हा पाझर मोजून त्यातून रेल्वेचा खर्च काढता येतो काय? येतो. हाँगकाँगमध्ये रेल्वे कंपनीला स्टेशनवर आणि भोवती इमारती बांधण्याचे हक्क मिळतात, त्यातून रूळ टाकायला पैसा उभा राहतो. लांब कशाला? १९९२ साली मानखुर्दहून खाडी ओलांडून वाशीला रेल्वे गेली. नवी मुंबईच्या रेल्वेचा ६७ टक्के खर्च सिडकोने उचलला, ३३ टक्के रेल्वेने. सिडकोचा पैसा कुठला? जमीन विकसित करून विकल्याचा. आणि जमीन कोणाची? ठाणे-रायगडच्या ९५ गावांतल्या शेतकऱ्यांची. त्यांच्या वाट्याला आधी तुटपुंजा मोबदला आला. १९८४ च्या जानेवारीत ते रस्त्यावर उतरले, पाच शेतकरी गोळीबारात गेले, तेव्हा कुठे पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे धोरण आले. वाशीच्या गाडीत बसताना हे आठवायला हवे.

म्हणजे तत्त्व बरोबर, वाटणी चूक.

एप्रिल २०२२ पासून मुंबईत घर-जमिनीच्या खरेदीवर एक टक्का मेट्रो अधिभार लागतो. ऐकायला बरे वाटते. पण तो भरतो घर घेणारा. कर्ज काढून एक खोली घेणारा गिरणी कामगाराचा पोरगा तो भरतो. त्याच्या घराजवळ स्टेशन असो वा नसो. आणि स्टेशनला लागून जमीन धरून बसलेला, भाव चढायची वाट पाहणारा, विकत नाही तोवर काही देत नाही. विहीर भरली त्याला सूट, घागर भरणाऱ्याला कर!

म्हणून आमचे म्हणणे तीन गोष्टींचे आहे. एक, स्टेशनच्या आसपास जमिनीचा जो भाव वाढेल, त्यातला हिस्सा जमीन धरणाऱ्याकडून दरवर्षी घ्यावा आणि तो त्याच मार्गाच्या कर्जाला लावावा. दोन, प्रत्येक मार्गाचा जमाखर्च वेगळा छापून लोकांपुढे ठेवावा. किती तिकिटातून आले, किती जमिनीतून, किती तिजोरीतून, हे साध्या मराठीत.

तिसरी गोष्ट आपल्या बांधावरची आहे. वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्गावर कळंबपर्यंत २०२४ साली गाडी आली. पुढे स्टेशने होतील, शेजारी गोदामे होतील, प्लॉट पडतील. ज्याचे रान रुळाखाली गेले त्याला एक चेक आणि शेजारच्या प्लॉटवाल्याला पिढ्यान्‌पिढ्यांची कमाई, हे पुन्हा होऊ द्यायचे काय? स्टेशनभोवतीच्या विकसित जमिनीत मूळ मालकाचा वाटा सातबारावर लिहून मिळाला पाहिजे. वाशीकरांना तो गोळ्या खाऊन मिळाला. आपण रूळ येण्याआधी मागू.

घरी जाताना एक काम करा. आपल्या गावच्या पाझर तलावात कोणाची जमीन गेली आणि कोणाच्या विहिरीला पाणी आले, याची यादी करा. पुढच्या बैठकीला ती घेऊन या. ती यादी समोर असली की मेट्रोचा हिशेब कोणाला वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.