आधी दोर, मग मासा



जुन्नर-आंबेगावात गोफण माहीत नाही असा माणूस विरळाच. बाजरी दाण्यावर आली की माळ्यावर उभं राहून पाखरं राखायची. गोफणीत दगड जड असतो. दोरी त्याला भिरकावते. फ्लाय फिशिंगचं नेमकं उलटं आहे. इथं गळाला गांडूळ नसतं, कणकेची गोळी नसते. असते ती पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली नकली माशी. तिला म्हणावं असं वजनच नाही. वजन असतं दोराला, आणि फेकायचा असतो तोही दोरच. एवढं मनात पक्कं झालं की सामान निवडणं सोपं जातं.

दुकानात सगळ्यांचा हात आधी रॉडकडे जातो. तुम्ही आधी दोर, म्हणजे फ्लाय लाइन बघा. तिला वजनाप्रमाणे नंबर असतात. ५ नंबरच्या लाइनचा पुढचा ३० फूट भाग साधारण ९ ग्रॅम भरतो. रॉडवरही नंबर छापलेला असतो. दोन्ही जुळलेच पाहिजेत, कारण लाइनच्या भारानं रॉड वाकतो आणि वाकलेला रॉडच दोर पुढं लोटतो.

नवशिक्यानं ९ फुटी, मध्यम लवचिक रॉड घ्यावा. ५ नंबर चालेल, पण धरणाच्या उघड्या काठावर वारा असतो, म्हणून मी ६ सुचवेन. लाइन तरंगणारी आणि पुढच्या भागात जाड अशी घ्या. तिच्या टोकाला निमुळती होत जाणारी ९ फूट तंगूस लागते. चिलापी, आळकुट अशा माशांसाठी रील साधं पुरतं. ते दोर गुंडाळण्यापुरतंच. मोठ्या महसीरसाठी ८ नंबरच्या पुढचं सामान लागतं, पण ती घाई आत्ता नको.

आता फेक. पहिले पंधरा दिवस पाण्याकडे फिरकूच नका. शाळेचं गवताळ मैदान गाठा. मुरमावर लाइन खरवडते. गळाऐवजी टोकाला लाल लोकरीचा तुकडा बांधा. डोक्यावर टोपी, डोळ्यांवर चष्मा हवाच.

घड्याळाची तबकडी डोळ्यांसमोर आणा. कोपर अंगाजवळ, मनगट ताठ. रॉड हळू उचलायला लागा, वेग वाढवत न्या आणि एक वाजण्याच्या जागी खटकन थांबवा. आता थांबा. मागं दोर उलगडतोय, त्याला उलगडू द्या. मान वळवून बघितलंत तरी चालेल. तो सरळ झाला की तसाच वेग वाढवत पुढं या आणि दहाच्या जागी पुन्हा थांबा. लोकर अलगद गवतावर उतरेल.

आपल्याकडे बैलगाडा शर्यतीच्या घाटात पूर्वी चाबकाचा कडाड आवाज ऐकलाय ना? तसा आवाज पाठीमागं आला, तर समजा तुम्ही घाई केली. लोकरीऐवजी नकली माशी असती तर तुटून गेली असती. ताकद वाढवू नका, थांबणं वाढवा.

मग पाण्यावर. घोड नदीवरच्या डिंभे जलाशयात आदिवासी, धरणग्रस्त मच्छीमारांची सहकारी संस्था आहे. जुनं आंबेगाव गाव याच पाण्याखाली गेलं. त्या पाण्यावर या लोकांची चूल पेटते, म्हणून आधी त्यांना विचारा, परवानगी घ्या, त्यांच्या जाळ्यांपासून लांब उभे राहा. माणिकडोह, वडज, येडगाव, कुठंही जा, हाच रिवाज पाळा. भीमाशंकर अभयारण्यात गळ टाकायचा नाही. पावसाळ्यात मासे अंडी घालायला चढणीला लागतात, तेव्हा रॉड घरीच ठेवा. गळाचा उलटा काटा पकडीनं दाबून टाका, म्हणजे सोडलेला मासा कमी जखमी होतो.

आणि हे नीट ऐका. काठाकाठानं पाण्याच्या मोटारींच्या विजेच्या तारा गेलेल्या असतात. कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते. रॉड उचलण्याआधी वर बघा, प्रत्येक वेळी. ओल्या गाळात पाय टाकण्याआधी काठीनं चाचपा. बिबट्याचा मुलूख आहे, दिवस मावळायच्या आत घरी या.

उद्या सकाळी वारा पडलेला असताना मैदानावर जा. दहा वेळा फेका, आणि दहाही वेळा मागचा दोर सरळ होईपर्यंत थांबा. हे थांबणं अंगात मुरलं, की पाण्यावर माशी खऱ्या माशीसारखी उतरायला लागेल.